फुकटच्या भजनातली जाहिरात

माझा देवावर राग होता, हे आधीच सांगून टाकते. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. तो आहे आणि त्याने हे मुद्दाम केलं, असं वाटत होतं. माझे यजमान तरुणपणापासून दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसत. आमच्या सापगावच्या आसपास कुणाकडे पूजा असो की बारसं, पेटी पोचायच्या आधी हे हजर. बुवा ते कधीच नव्हते. मागे बसून साथ करायची, पुढच्याचा दम सुटला की ओळ उचलायची, एवढंच त्यांचं काम. अशा माणसाचा आवाजच काढून घ्यायचा होता तर दुसरं कुणी सापडलं नाही का, हे मी रोज विचारत होते. उत्तर येत नव्हतं, म्हणून मी दिवा लावणं बंद केलं होतं.

भाताची झोडणी चालू असताना खळ्यावरच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. हातातली पेंढी सुटली आणि ते खाली बसले. मला वाटलं, दमले असतील. पाणी घेऊन गेले तर तोंड वाकडं झालेलं. शेजाऱ्यांच्या टेंपोतून शहापूरला नेलं, तिथून पुढे ठाण्याला. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं मात्र तिकडेच राहिलं. एकच शब्द उरला, ‘तेच’. तहान लागली तरी ‘तेच’, पाठ दुखली तरी ‘तेच’. सुरुवातीला आम्ही दोघं त्यावर हसलोसुद्धा, खोटं कशाला सांगू. पुढे पुढे त्यांचा चेहरा पडू लागला. भजनातली मंडळी एकदा घरी येऊन खाटेशी बसून गायली, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून इतके रडले की मी हात जोडून सगळ्यांना सांगितलं, पुन्हा नका येऊ. चैत्र लागेपर्यंत ‘तेच’ही थांबलं. मग जेवण कमी झालं. ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्याच्या आधी दोन दिवस त्यांनी पेजेचा घोटही घेतला नव्हता. त्यांनी मनाशी काही ठरवलंय हे मला कळत होतं.

आमची एकुलती एक मुलगी मुरबाडला दिलेली आहे. तिला दीड महिन्याचं बाळ होतं, तिला येणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, करवंदांची पिशवी घेऊन त्या दिवशी एकट्याच एस.टी.ने आल्या. बाई मनाने चांगल्या, पण तोंडाला विसावा नाही. आल्या आल्या बाळाच्या मालिशीपासून सिद्धगडाखालच्या पाड्यात आलेल्या बिबट्यापर्यंत सगळं सांगून झालं. मग अचानक घराकडे बघत म्हणाल्या, घरात गाणं नाही का लावत? मला ते लागलं. मी म्हटलं, ज्यांनी गायचं ते असे पडलेत, गाणं लावून काय करू?

त्यांनी ऐकलंच नाही. मुलीने दिलेला टचचा फोन माझ्याकडे होता, मला तो फक्त उचलायला आणि ठेवायला येत होता. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि त्यात गाण्यांचं काहीतरी उतरवून घेतलं. भाकऱ्या थापताना आपण दिवसभर यावरच ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणाल्या, “फुकाट हाय. मदीमदी जाहिराती येतात, तेवढ्या सोसायच्या. तुमी म्हणाल तेच गाणं लागंल असं पण नाय. तो त्याच्या मनाचं लावतो.”

फोनला तोंड लावून त्या ‘भजन’ म्हणाल्या आणि तासाभराचं एक लांब भजन सुरू झालं, एकामागून एक अभंग. फोन त्यांनी खाटेच्या उशाशी ठेवला. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पेजेचा वाडगा घेऊन नुसतीच बसून राहिले. मनात विहीणबाईंचा राग, आणि व्याह्यांकडचं माणूस म्हणून तो गिळणं.

तिसरा की चौथा अभंग लागला, तो आमच्या देवळात आरतीच्या आधी म्हणायचे तो. चालही तीच. मी मुद्दाम ह्यांच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या कडव्यात गाणाऱ्याने ओळ उचलली, अर्ध्यापर्यंत नेली आणि कडकन आवाज तुटला. त्याच्या जागी एक बाई हिंदीतून गुडघेदुखीच्या तेलाबद्दल ओरडू लागली. मला इतका संताप आला! देवाचं नाव अर्ध्यावर तोडून तेल विकतात! फोन बंद करायला हात पुढे केला, पण कुठे दाबायचं तेच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात उरलेली अर्धी ओळ ऐकू आली.

मला वाटलं गाणं परत सुरू झालं. पण तेलवाली बाई तर बोलतच होती. विहीणबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खाटेकडे बघत होत्या. आवाज खरखरीत होता, गंज चढलेल्या बिजागरीसारखा, पण शब्द सगळे होते, एकूणएक. अर्धी ओळ पुरी करून ते ध्रुपदावर आले आणि ध्रुपदही म्हटलं. माझ्या हातातला वाडगा मांडीवर कलंडला, पेज लुगड्यातून पायापर्यंत गेली आणि मला ती गरम होती हेसुद्धा नंतर कळलं. आनंद वगैरे काही नव्हता त्या क्षणी. खरं सांगायचं तर मी भ्याले.

जाहिरात संपली आणि भजन जिथे तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. हे पुढे गेलेले, फोन मागे राहिलेला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, जशी देवळात कुणी तालाला चुकलं की पडायची, आणि ते गप्प झाले.

मी त्यांचा हात धरून म्हटलं, “परत म्हणा. एकदाच म्हणा.” त्यांनी तोंड उघडलं, मान ताणली, आणि बाहेर काय आलं, तर ‘तेच’. पुन्हा ‘तेच’. एवढं दाखवून देवाने परत नेलं, असं वाटलं. विहीणबाई मात्र पदराने डोळे पुसत फोनकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, “ऱ्हावा. परत जाहिरात येल.”

आम्ही दोघी बायका त्या दुपारी जाहिरातीची वाट बघत बसलो. कुणी पाहिलं असतं तर वेडंच म्हटलं असतं. बऱ्याच वेळाने एक आली, पंख्याची, आणि अभंग पुन्हा मध्येच तुटला. ह्यांनी ओळ उचलली. त्या दिवशी त्यांनी वाडगाभर पेज घेतली, वर दोन करवंदं. तिन्हीसांजेला मी देवापुढे गेले. फुलवात लावली आणि तशीच बसले.

पुढच्या आठवड्यात शहापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथे वाचेच्या व्यायामाला एक बाहेरगावच्या बाई येत होत्या. कसं सांगावं मला समजेना, हसतील असं वाटत होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही जणांच्या मेंदूत बोलण्याची वाट बंद होते, गाण्याची उघडी राहते, असं होतं. मग शेजारी बसून मांडीवर ताल धरत त्यांनी ह्यांच्याकडून ‘भूक लागली’ हे दोन शब्द ध्रुपदाच्या चालीवर म्हणवून घेतले. असंच रोज थोडं थोडं करायला सांगितलं. त्या बाईंचं नाव विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं. नंतर गेलो तेव्हा त्यांची बदली झालेली. मेंदूतल्या वाटा त्या जाणोत. गाणाऱ्याने नेमकं कुठल्या शब्दावर थांबायचं हे त्या दिवशी कुणी ठरवलं, ते मी कुणालाच विचारत नाही. माझ्यापुरतं मला उत्तर मिळालेलं आहे.

जावईबापूंनी कौतुकाने सांगितलं, पैसे भरले की जाहिराती बंद होतात, मी भरतो. मी घाईघाईने नको म्हटलं. “आमाला जाहिराती पायजेत,” असं म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. मधल्या काळात मीच बोटाने गाणं थांबवायला शिकले होते, पण तसं केलं की ह्यांचं लक्ष माझ्या बोटाकडे जायचं आणि ओठ मिटायचे. जिथे न सांगता तुटायचं, तिथेच त्यांचा आवाज यायचा. मी आयुष्यभर देवाकडे एकच मागणं मागत आले, की चाललंय ते मोडू नकोस. मोडलेल्या जागेतूनच तो माझ्या घरात येईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

श्रावणात एका सकाळी मी परसात नळाखाली हंडा लावून उभी होते. फोन बंद होता, चार्जिंगला लावलेला. आतून चालीवर आवाज आला, ‘पाणी दे’ आणि त्याच्या मागे माझं नाव. आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. ‘अगो’, ‘ऐकलंस का’, नाहीतर मुलीची आई, असंच चालतं. एकतीस वर्षांच्या संसारात लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि माहेरीही आता ते घेणारं कुणी राहिलेलं नाही. मी दचकून इकडेतिकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारली. हंडा भरून पाणी पायांवरून वाहत होतं. पुन्हा तीच ओळ आली, या वेळी जरा मोठ्याने.

देवा, तुझी रीत मला कळत नाही, आणि आता ती कळावी असा माझा हट्टही नाही. मी नळ बंद केला, तांब्या भरला आणि आत गेले.