सळईच्या वरचा गुलाबी रंग

जळालेल्या घरात शिरल्यावर लोक काजळी बघतात. बस्त्याव सर गुलाबी रंग शोधत. पिशवीतून छिन्नी काढायची, काँक्रीटचा टवका उडवायचा, बाटलीतलं पाणी शिंपडायचं आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत राहायचं. आमच्याकडच्या वाळूचं काँक्रीट फार तापलं की गुलाबी होतं, आणि निवल्यावरही तसंच राहतं. "आग कधी विझली ते बंबवाले सांगतील. कुठवर गेली ते हाच सांगणार," सर म्हणत.

ऐंशीच्या सुमारास मी माणिकपूरला त्यांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात लागलो. घरांचे नकाशे करणारे इंजिनियर वसईत बरेच होते. आगीनंतर तुळईत किती ताकद उरली, हे आकड्यांत सांगणारे सरच. ते कागदावर तुळईचे आडवे थर पाडत आणि एकेक थर किती तापला असेल ते दिवसदिवस बसून काढत. आग विझल्यानंतरचे तासही त्यात धरत. "बाहेर विझते, अरुण. आत ती चालतच असते." डोळ्यांना न दिसणारी उष्णता हा माणूस पेन्सिलीने थराथरातून चालवत नेई आणि मी बघत राही. त्यांचा तक्ता तयार झाला की प्रत्येक थराला तापमानाप्रमाणे उरलेली ताकद द्यायची आणि तुळई पुन्हा तपासायची, हे काम माझं.

नंदाखाल गावच्या इनासकाकांच्या घराचं तेच केलं. तळमजल्यावर सुक्या नारळाच्या सोडणांना आग लागली होती आणि महिन्याभरात वरच्या मजल्यावर मुलीच्या लग्नाची पंगत बसायची होती. काका माझ्या वडिलांचे मित्र. रोज विचारत, "काय रे, चालेल ना?" माझं उत्तर चांगलं आलं: तुळई पंगत पेलेल. सरांनी माझ्यावर विश्वासून सही केली.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. वर बँड वाजत होता. जिन्याकडे जाताना सर तळमजल्यावर थबकले. गिलावा करायचा राहिला होता. पेल्यातलं पाणी त्यांनी तुळईचा टवका उडालेल्या जागेवर शिंपडलं. गुलाबी रंग तुळईच्या तळातल्या, भार पेलणाऱ्या सळईच्याही वर गेला होता.

"तुझ्या कागदावर ही सळई थंड आहे," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "तुझा पहिला थर कुठला?"

"वरचा, सर."

"माझा खालचा. आगीकडचा."

मी त्यांचे आकडे त्याच क्रमाने, पण वरून खाली उतरवले होते. आग खालून लागली होती आणि माझ्या कागदावर तुळई वरून तापली होती.

सर जिना चढले. मी मागे. पानं वाढून झाली होती.

"इनास, सगळ्यांना खाली ने. आत्ता."

"सर, वऱ्हाड पानावर बसलंय! आता सांगताय?"

"आता कळलं. सही माझी, चूक माझी."

कोणीतरी ओरडलं, "सरांना दोन घोट जास्त झाले वाटतं!" हशा पिकला.

"झाले असं समज, बाबा. पण खाली ये," सर म्हणाले. त्यांनी म्हाताऱ्यांना आधी उतरवलं, मग पोरांना, मग पांढरा झगा सावरत नवरीला. शेवटी स्वतः. पंगत केळीच्या बागेत मातीवर बसली. मी वाढप्यांबरोबर पानं मांडत राहिलो.

पुन्हा गणित केलं. तुळईत निम्मीही ताकद उरलेली नव्हती. सर एवढंच म्हणाले, "तक्त्यावर आग कुठून आली त्याचा बाण काढत जा. पीळ देऊन कडक केलेल्या सळईच्या बाबतीत म्हण खोटी पडते, अरुण. सुंभ जळला की पीळही जातो." काकांना खरं सांगून ये, असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणतील म्हणून मी थांबलो होतो, असं मी स्वतःला सांगत राहिलो. गावात त्यांचं नाव 'पंगत उठवणारे सर' पडलं. नंदाखालचं काम पुन्हा आलं नाही.

काही वर्षांनी सर गेले. दफन उरकून बाहेर पडताना इनासकाका म्हणाले, "माणूस देवासारखा. पण आमच्या गणितात चुकला."

"ते चुकले नव्हते, काका," मी म्हणालो. "मी चुकलो होतो. त्यांनी ती चूक पकडली."

"धाकटीच्या लग्नाला मी त्यांना बोलावलं नाही," काका म्हणाले. "त्यांनी रस्त्यात हात केला, तरी मी मान फिरवायचो."

ते वळले आणि फाटकातून परत आत, त्या ओल्या मातीपाशी गेले. मी फाटकाबाहेरच उभा राहिलो.