विझलेला दिवा आणि माझं पत्रक

सातिवलीच्या एका गाळ्यात मी वायरिंग करायचे. तिथे जहाजांची इमर्जन्सी पॅनल बनत. मुख्य जनरेटर बंद पडला की सुकाणू आणि दिवे ज्याच्यावर चालतात, ते पॅनल. त्यात न्यूट्रलची वायर अर्थिंगला जोडलेलीच नाही, हे पाहून माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं: ‘अर्थिंग चोरून खलाशांचे जीव विकता का?’ गेटवर उभं राहून स्वतः वाटलं.

टेस्टिंगचे काका जन्मभर बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. पत्रक वाचून म्हणाले, “बाय, छापण्याआधी विचारायचं तरी. पॅनलचा पत्रा बोटीच्या लोखंडाला घट्ट जोडतात. वायरी मात्र त्या लोखंडापासून मुद्दाम मोकळ्या ठेवतात. घरात वायर पत्र्याला टेकली की सप्लाय तुटतो, ते बरंच. भर समुद्रात तुटला तर सुकाणू कोण फिरवणार, तुझं पत्रक?”

म्हणून पॅनलवर तीन वायरींचे तीन दिवे असतात. एखादी वायर पत्र्याला टेकली की तिचा दिवा विझतो, उरलेले दोन भगभगतात, सप्लाय चालूच राहतो. दुसरीही टेकली तर मात्र सप्लाय तुटतो, म्हणून त्याआधी पहिली शोधायची.

खंडेनवमीला पॅनलची पूजा केली. दसऱ्यानंतर टेस्टिंगला मधला दिवा विझलेला. टेम्पो दारात उभा.

“काका, बल्ब गेलाय. बदला आणि सही मारा ना,” सुपरवायझर म्हणाला.

काकांनी तोच बल्ब शेजारच्या होल्डरात लावला. लख्ख पेटला. “बल्ब ठणठणीत आहे. सही नाही.”

“मग उद्यापासून घरी बसा.”

माझ्या डोक्यात दुसरं पत्रक छापूनही झालं होतं. काकांनी सप्लाय बंद करून पॅनल उघडलं. आत झेंडूचा हार. आमच्याच निर्मळ गावच्या वाडीतला. ताज्या रंगाला डाग नको म्हणून सुपरवायझरने आत टांगायला लावलेला, आणि केळीच्या सोपटाचा दोरा तुटत होता म्हणून मी बारीक तारेत ओवलेला. तारेचं एक टोक मधल्या वायरीच्या टर्मिनलला टेकलेलं, दुसरं पत्र्याला.

“पुढारीणबाई, हे छापणार का?” सुपरवायझरने टोमणा मारला.

हार काढून काकांनी सप्लाय चालू केला. तिन्ही दिवे एकसारखे पेटले. काकांनी सही केली, टेम्पो गेला. घरी बसा म्हणणाऱ्याने माफी मागितली नाही.

मी छापलं. ‘दिवा विझला तर बल्ब बदलू नका, वायर शोधा. सही न करणाऱ्याला धमकावू नका. मागचं पत्रक चूक होतं, हारही माझाच होता.’ सुपरवायझरने ते भिंतीवरून फाडलं. मी दुसरं चिकटवलं.