हळू करून राहिलो

वऱ्हाडच्या नाविक इतिहासात सुदामचं स्थान अढळ आहे. शोकसभेत एका वक्त्याने हे वाक्य उच्चारलं, तेव्हा सभागृहाने माना डोलावल्या. वाक्य खरंच आहे. वऱ्हाडला समुद्र नाही, बंदर नाही, आणि सुदाम सोडला तर त्या इतिहासात दुसरं कोणीही नाही.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले... आत्ता चहा पिऊन राह्यले होते, अन् गेले." आमच्या वयात असा निरोप अनपेक्षित नसतो. तरी फोन ठेवल्यावरही 'पिऊन राह्यले' हे दोन शब्द मला सोडेनात. सुदामचं सारं आयुष्य एकदा अशाच दोन शब्दांवर अडकलं होतं, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी नसलो तरी साठ पावलांवर मी होतो.

देशाकडे पहिली विमानवाहू नौका आली त्याच्या मागचापुढचा तो काळ. जहाजाच्या पाठीवरून विमान उडतं आणि तिथेच परत उतरतं, याचं वेड मुंबईला लागलं असतं तर समजण्यासारखं होतं. ते अमरावतीला आणि अकोल्याला लागलं. दोन्हीकडच्या कॉलेजांत मॉडेल विमानांचे क्लब होते. विमान दीड-दोन हात पंखांचं, पण इंजिन खरं. उडवणारा मैदानाच्या मधोमध उभा राहतो, त्याच्या हातातल्या मुठीपासून विमानापर्यंत बारीक पोलादी तारा जातात आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. दोन तारांनी ते वर-खाली करायचं, तिसरीने इंजिनाचा जोर कमी-जास्त. उडवणाराही अर्थातच विमानाबरोबर गरगर फिरतो. नौकेच्या खेळात फळ्यांच्या 'डेक'वरून विमान उडवायचं, सात फेऱ्या जमेल तितक्या जोरात, सात जमेल तितक्या हळू, आणि शेवटी डेकवर आडव्या बांधलेल्या दोऱ्यांत शेपटीचा आकडा अडकवून उतरवायचं. अमरावतीच्या क्लबाचा मी चिटणीस होतो. मला विमानातलं काही कळत नव्हतं. पण मी इंग्रजीचा अधिव्याख्याता होतो आणि नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं.

सुदामच्या घरचा गावाबाहेर भाजीचा मळा. इंटर सायन्सला तो दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा इंग्रजीत, म्हणजे त्यात माझाही थोडा हात होता. कॉलेज सुटलं तरी क्लब सुटला नाही. थोरल्या भावाने बजावलं होतं, "हे वर्ष खेळून घे. मंग वांगे तोडाले ये, अन् पुन्हा कॉलेजाचं नाव काढू नको." दुसरीकडे प्राचार्यांनी शब्द दिला होता की अकोल्याला हरवलं तर क्लबाला कायमचा शिक्षक नेमू, आणि तो सुदाम असेल. शब्द देणं ही प्राचार्यांची सवयच होती, पण हा त्यांनी चार माणसांसमोर दिला. सुदामने तो घट्ट धरून ठेवला. अकोल्याची एक दुपार, आणि तिच्यावर पुढचं सगळं.

क्लबाकडे इंजिनं दोन. एक नवं, चकचकीत, ग्लो-प्लगचं. तापलेल्या तारेवर पेटणारं आणि पेटलं की किंचाळणारं. दुसरं विलायती डिझेल, तिसऱ्या हाताचं. ते ईथर, रॉकेल आणि एरंडेलावर चाले. ईथर दवाखान्यातला कंपाउंडर देई, एरंडेल तेलघाण्यावरून येई. एरंडेलाचा धूर श्वासावाटे पोटात गेल्याचे परिणाम सभासदांनी कधी जाहीर केले नाहीत, पण क्लबाच्या सभा फार लांबत नसत, एवढं चिटणीस म्हणून सांगू शकतो.

प्राचार्यांचा आग्रह ग्लोचा. "प्रोफेसर, हे वेगाचं युग आहे!" सुदामने वाद घातला नाही. मळ्यातल्या आंब्याला फळी ठोकून त्याने दोन्ही इंजिनं आळीपाळीने तिच्यावर बसवली आणि चार दिवस ती नुसती ऐकली. तो हाताने कमी आणि कानाने जास्त तपासायचा. चौथ्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, हे नवं पळते झकास. पण याले चालता येत नाई."

"म्हणजे?"

"जोर कमी केला का याचा प्लग थंडा पडते अन् जीव सोडते. हे म्हातारं पाहा. पळते कमी. पण पाय घासत घासत चालते, मरत नाई."

मग मी, चिटणीस झाल्यानंतर पहिल्यांदाच, नियमांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. गुण नुसत्या वेगाला नव्हतेच. जोराच्या वेगाला हळूच्या वेगाने भागायचं होतं. सुदामने काडीने मातीत भागाकार मांडला, खालचा आकडा लहान करत गेला आणि हसला. "अकोलेवाले वरचा आकडा वाढून राह्यले. आपण खालचा खाऊ."

प्राचार्यांना हे सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "हळू जाण्याचीच स्पर्धा असेल तर आपलं कार्यालय पाठवा." तरी त्यांनी परवानगी दिली.

सुदामने विमान बांधलं ते सावरीच्या हलक्या लाकडाचं. पंखांवर पतंगाचा कागद, शेपटीला सायकलच्या स्पोकचा आकडा, इंजिनाच्या धुराड्यावर डब्याच्या पत्र्याची झडप. ती झडप म्हणजे त्याचं खरं संशोधन. तिसरी तार ओढली की धूर कोंडायचा आणि इंजिन कुरकुरत, पण न थांबता, पुटपुटायला लागायचं. बोटांवर पंख्याचे इतके फटके बसले होते की चिंध्या बांधलेल्या हातांनीच तो जेवायचा.

अकोल्याला निघालो तेव्हा विमान भाजीच्या डाल्यात, वर फडकं. बसमध्ये कंडक्टरने अडवलं.

"कोंबड्या टपावर ठेवा."

"कोंबड्या नाईत भाऊ, विमान हाय."

कंडक्टरने फडकं वर करून पाहिलं. "मंग तं टपावरच पाह्यजे," तो म्हणाला, आणि सबंध बस हसली. बडनेऱ्यापासून पुढे डालं सुदामच्या मांडीवर होतं, आणि अर्धी बस आळीपाळीने फडक्याखाली डोकावत होती.

अकोल्याच्या क्लबाचे अध्यक्ष एक नामांकित वकील होते. त्यांच्या मुलाच्या विमानाला ग्लो इंजिन आणि पंखांवर चकाकता निळा रंग. मैदानात बाकांवर फळ्या टाकून डेक केला होता. आडव्या दोऱ्यांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या हव्या होत्या. अकोल्यात सरकी जास्त हाताशी, म्हणून पिशव्या सरकीच्या. उद्घाटनाला एका पाहुण्यांनी भारताच्या सागरी सामर्थ्यावर अर्धा तास भाषण केलं. समोर एक म्हैस डेकच्या सावलीत बसली होती. ती भाषण संपल्यावरच उठली.

वकीलसाहेबांनी आमचं इंजिन निरखलं. "काय मास्तर, हे इंजिन हाय का पिठाची गिरणी?"

"गिरणीच हाय साहेब," सुदाम म्हणाला. "दळण असन तं घेऊन या."

अकोल्याचं विमान आधी उडालं. वेग असा की टाळ्या वाजवायलाही लोकांना उशीर झाला. हळूच्या फेऱ्यांत मात्र मुलाने जोर फारसा कमी केलाच नाही. इंजिन मरेल ही भीती त्यालाही ठाऊक होती. उतरलं नीट. गुण चांगले झाले. वकीलसाहेब खुर्चीवर मागे रेलून बसले.

परीक्षक पुण्याचे होते, सैन्यातून निवृत्त झालेले, करड्या मिशांचे, काटेकोर. नियम असा की हळूच्या फेऱ्या सुरू करताना उडवणाऱ्याने ओरडून सांगायचं, मग परीक्षक घड्याळ लावतील. सुदामच्या सात जोराच्या फेऱ्या झाल्या. लोक फारसे हलले नाहीत. मग त्याने तिसरी तार ओढली, इंजिन पुटपुटायला लागलं आणि मैदानाच्या मधून सुदाम ओरडला, "हळू करून राह्यलो!"

विमान हवेत जवळजवळ लोंबकळायला लागलं. इतकं हळू की त्याच्या पंखांवरची कागदाची जोडणी दिसत होती. माणसं उठून उभी राहिली. एक फेरी, दोन, तीन... मी फेऱ्या मोजत होतो. सात झाल्या तेव्हा आनंदाने परीक्षकांकडे वळलो, तर त्यांच्या हातातलं घड्याळ बंद.

"साहेब, वेळ?"

"कसला वेळ? तो म्हणाला ना, करून राहिलो. कधी केलं, मला तर दिसलं नाही. आता उतरवणार म्हणून थांबलोय."

"अहो, करून राहिलो म्हणजे करतो आहे!"

"मग करतो आहे असं का म्हणत नाही तो?"

"तेच तर म्हणून राहिला ना!"

मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, एका पुणेकराशी वऱ्हाडीत भांडलो. परीक्षक माणूस प्रामाणिक. ते म्हणाले, चूक माझी असेल, पण लावलं नाही ते घड्याळ मी लावलं असं लिहिणार नाही. हवं तर पुन्हा सात फेऱ्या. टाकीत तेल मोजून घातलेलं असतं. सात जोराच्या, सात हळूच्या आणि उतरणं, एवढंच. मी तारांच्या वर्तुळाच्या कडेला धावलो.

"सुदाम, पुन्हा सात!"

"कावून?" तो गरगर फिरत ओरडला.

"साहेबाले समजलं नाई!"

फिरता फिरता त्याने काय विचार केला असेल कोण जाणे. पुढच्या अर्ध्या फेरीत, शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात त्याने जाहीर केलं, "मी! आता! हळू! करीत! आहे!" परीक्षकांच्या घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या सात फेऱ्या पहिल्यांपेक्षाही हळू होत्या. पाचवीत इंजिन एकदा खोकलं. वकीलसाहेब खुर्चीच्या काठावर आले. सहावीत पुन्हा खोकलं. सुदामने मूठ छातीशी धरली होती आणि मान वाकडी करून तो फक्त ऐकत होता. सातवी पूर्ण झाली, विमान डेकच्या रेषेत आलं, शेपटी खाली झुकली, आकडा शेवटच्या दोरीत अडकला, सरकीच्या दोन पिशव्या फळ्यांवरून घसरत गेल्या, आणि इंजिन थांबलं. कोणी थांबवलं नव्हतं. तेल संपलं होतं. मैदान असं गरजलं की ती म्हैस पळाली. भागाकार मी केला, परीक्षकांनी केला, वकीलसाहेबांच्या मुलानेही करून पाहिला. अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट गुण.

वकीलसाहेब उठून स्वतः आले. "लेका, एवढं तेल पुरलं कसं?"

"आमच्या मळ्यात पाण्याचं इंजिन नेहमी शेवटच्या वाफ्याले दगा देते, साहेब. म्हणून मी एक वाफा जास्तच धरतो."

वकिलांनी त्याला कडकडून मिठी मारली. लोकांनी खांद्यावर घेतलं, पण खाली ठेवताच तो मटकन बसला. एकवीसच्या वर फेऱ्या फिरून त्याचं डोकं गरगरत होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'विजेत्यास हर्षातिरेकाने भोवळ' असं आलं. परीक्षकांनी निघताना त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मग झालेल्या कामाला तुम्ही काय म्हणता?" सुदाम म्हणाला, "झालं म्हणतो साहेब."

प्राचार्यांनी शब्द पाळला. सुदाम क्लबाचा शिक्षक झाला. बत्तीस वर्षांत त्याने कितीतरी मुलांना इंजिन ऐकायला शिकवलं. त्यातली काही खरी विमानं उडवतात, काही दुरुस्त करतात. थोरला भाऊ दर वर्षी पहिली वांगी घेऊन क्लबात येऊन बसायचा आणि मुलांना सांगायचा, "हा माहा भाऊ हाय." कॉलेजच्या जिन्याखालच्या क्लबाच्या खोलीत मी परवा जाऊन आलो. कुलूप काढलं तर आतून ईथरचा वास आला... मी दार लोटून आत गेलो. भिंतीवर त्याचं निवृत्तीचं प्रमाणपत्र आहे, चौकटीत. विमानं शिकवणाऱ्याचं पद कॉलेजला सरकारने कधीच मंजूर केलं नव्हतं. त्या वर्षी मंजूर आणि रिकामं असं एकच पद होतं, आणि प्राचार्यांनी त्याला त्यावर नेमलं. प्रमाणपत्रात लिहिलं आहे की सदर इसमाने बत्तीस वर्षं पाणक्या म्हणून काम केलं, आणि त्याच्या कारकिर्दीत पिण्याच्या पाण्याबद्दल एकही तक्रार आली नाही.