चांदीची जीभ

सुकाय कोण होती, असं नत्थुजीला कोणी विचारलं असतं तर त्याला चार वाक्यंही धड सांगता आली नसती. मेळघाटातल्या कोरकूंच्या एका लहानशा गावातली, नवरा वारलेली, हसताना तोंडाला पदर लावणारी बाई. बस. तिला स्वतःची लेकरं होती की नव्हती, हेही त्यानं कधी विचारलं नाही. दीडदोन वर्षं ती त्याच्या घरी राबली, त्याची पोर तिनं वाढवली, आणि त्याची तिच्याशी ओळख ती एवढीच.

दिवसच तसे होते. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. पहाडाच्या पायथ्याशी असलेल्या नत्थुजीच्या गावानं ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली. वेचायला हात पुरेनात, म्हणून पहाडावरून कोरकू बाया खाली येऊ लागल्या. वेचणी संपली की त्या परत जात. सुकाय तेवढी मागं राहिली. नत्थुजीची बायको वच्छलेला जन्म देऊन गेली होती, आणि ती पोर सुकायच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती.

घरात तिसरं माणूस म्हणजे नत्थुजीची आत्या मनकर्णाबाई. दिवस उगवला की नत्थुजी आणि आत्या वावरात. वच्छी बाभळीच्या झोळीत, नाहीतर सुकायच्या पाठीवर. संध्याकाळी दमूनभागून सगळे घरी येत तेव्हा पोर झोपलेली असे. नत्थुजी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करी आणि जेवायला बसे.

पोर तीन वर्षांची होत आली तरी बोलेना. आत्यानं हाक मारली की ती सुकायच्या लुगड्यामागं लपे. कधी काही पुटपुटली तर ते कोणाला कळत नसे. शेजारपाजारचे कुजबुजू लागले. एक दिवस भाकरी थापता थापता मनकर्णाबाई म्हणाली, "नत्थू, पोर मुकी आहे बावा."

"बोलंल, आत्या."

"कवा? लग्नात? म्या अंबादेवीले चांदीची जीभ बोलली आहे. कापसाच्या गाड्या घिऊन अमरावतीले जाशीन, तवा सोनाराकडून करून आनजो. पोर बोलली का वाहू."

पौषात नत्थुजी गाड्या घेऊन गेला. बाजारात त्याचं लक्ष लागलं नाही. सोनारानं नखाएवढी जीभ करून दिली. ती त्यानं धोतराच्या कनवटीला खोचली, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. मुक्या पोरीला कोण पत्करील, आपल्यामागं तिचं कोण, हेच डोक्यात.

घरी कुलूप दिसलं म्हणून तो तसाच वावरात गेला. दुपार होती. बाभळीपलीकडून बोलणं ऐकू आलं. कोरकू बोली, आणि चांगलं तावातावानं चाललेलं. पहाडावरून कोणी पाहुणी आली असावी असं त्याला वाटलं. पुढं होऊन पाहिलं तर सुकाय बसलेली, आणि समोर कमरेवर हात ठेवून वच्छी. पोर थांबतच नव्हती. सुकाय काहीतरी म्हणाली, तर तिनं पाय आपटला आणि आणखी मोठ्यानं सुनावलं.

नत्थुजी तसाच सुकायपुढं जाऊन उभा राहिला.

"काय म्हनून राह्यली वं ते?"

"भांडून राह्यली मायासंगं," सुकाय म्हणाली. "म्हनते, तू सारी भाकर खाल्ली, कुत्र्याले काहून नाही ठेवली."

"असं बोलते ते?"

"दिसभर. कान पिकते माये."

"मंग सांगतलं काहून नाही?"

सुकायला प्रश्नच कळला नाही. "तुमचीच पोर, पाटील. मले वाटलं तुमाले मालूम आहे."

संध्याकाळी मनकर्णाबाईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तीन वर्साची पोर, अन् घरात एकाच्याबी ध्यानात आलं नाही. सरकी भरली आहे आपल्या डोक्यात." मग म्हणाली, "जीभ मातर वाहा लागंल. नवस पोर बोलावी एवढाच होता. कोनत्या बोलीत, ते कुठं सांगतलं होतं देवीले?"

हसू ओसरल्यावर नत्थुजी होळीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजू लागला. होळीला सुकाय जाणार होती. नवऱ्याच्या नावाचा कोरीव लाकडी खांब गावात उभा करायचा होता. तो उभा होईतो मेलेला माणूस आपल्या वाडवडलांत जात नाही, असं त्यांच्यात मानतात. ती गेल्यावर पोरीनं बोलायचं कोणाशी?

मग तो दुपारचा वेचणी सोडून बाभळीखाली येऊन बसू लागला. गावात टवाळी झाली, कापूस बोंडातून गळू लागला, तरी येत राहिला. पाण्याला 'डा', जेवायला 'जोम'. त्याचे उच्चार ऐकून सुकाय पदरात तोंड लपवी, वच्छी मात्र न हसता, गुरुजीसारखी, पुन्हा म्हणून दाखवी. पहिल्यांदा त्यानं "डा?" म्हणून लोटा पुढं केला, तेव्हा पोरीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, घटाघटा पाणी प्याली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली. हळूहळू तीही त्याच्याकडून 'पानी' म्हणायला शिकली.

होळी आली आणि सुकाय गेली. पुढच्या हंगामात बाया उतरल्या, त्यांत सुकाय नव्हती. त्यानं विचारलं, पण त्या निराळ्या गावच्या होत्या.

ती गेली त्या सकाळी फार बोलणं झालंच नाही. डोक्यावर गाठोडं घेऊन ती अंगणात उभी होती. वच्छी आत निजली होती.

"पाटील, झोळीची दोरी घासली. बदलजा."

"बदलतो."

"आजच बदला."

"आज बदलतो. तू नीघ, ऊन होते."