आप्पांचं ‘येतो’ आणि साडूंचं यंत्र

आमच्या साडूंच्या मते पृथ्वीच्या पाठीवर आजवर एकाही माणसाने एकही चूक केलेली नाही. चुका दरवाजे करतात, नळ करतात, विजेची बटणं करतात, आणि मोबाइल तर उठल्यापासून झोपेपर्यंत दुसरं काही करतच नाही. माणूस बिचारा त्यांच्या तावडीत सापडतो, एवढंच. मी अलिबागच्या कोर्टात वकिली करतो. माणसांच्या चुकांवर माझं घर चालतं. हा सिद्धांत जगाने मानला तर माझी मोठीच पंचाईत व्हायची. पण पडले थोरल्या मेहुणीचे यजमान, त्यातून पुण्याच्या एका विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक; त्यांच्यापुढे माझी वकिली चालत नाही. माणूस आणि संगणक यांचं एकमेकांशी कसं जमतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. थोरले जावई काय करतात असं कोणी विचारलं की आमचे सासरे, म्हणजे आप्पा, “माणसांची आणि यंत्रांची भांडणं सोडवतात” असं सांगत. ऐकणारा मग त्यांनाच वकील समजे आणि माझ्याकडे संगणक दुरुस्तीला घेऊन येई.

साडूंना कुणाच्या घरी, हॉटेलात, मंगल कार्यालयात नेलं की ते आधी दारापाशी रेंगाळतात. येणारा माणूस दार ढकलतो की ओढतो, हे त्यांना पाहायचं असतं. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळं गणगोत फोटोसाठी जमलं होतं आणि हे हात धुवायच्या नळासमोर उभे. तो नळ वर उचलला की सुरू व्हायचा आणि लोक त्याला पिळत होते. एका आजोबांनी बराच वेळ पिळून झाल्यावर “आमचंच काही तरी चुकतंय” म्हटलं, आणि साडूंचं पित्त खवळलं. “तुमचं काही चुकत नाही, आजोबा! ज्याने हा नळ केला त्याला आधी जेवायला घाला आणि मग इथं खरकट्या हाताने उभा करा!” आजोबा इतके दचकले की तसल्याच हाताने फोटोला गेले. घरीही हाच न्याय. मेहुणीने एकदा आमटीत मिठाऐवजी साखर घातली, तर साडूंनी ती आमटी पूर्ण संपवली आणि दोन्ही डबे सारखे करणाऱ्या कारखान्याला नावं ठेवली. मेहुणी आठवडाभर खुशीत होती. पुढे ते स्वतः लग्नाचा वाढदिवस विसरले आणि कॅलेंडरच्या रचनेतला दोष समजावून सांगू लागले, तेव्हा मात्र तिने पुढचं ऐकून घेतलं नाही.

कुठल्याही वस्तूची परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत आहे. ती वस्तू तुमच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, “वापरा. पण मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलत बोलत वापरा.” घरातल्या कुणाचीही यातून सुटका नाही. मी त्यांच्यापुढे रिमोट वापरताना मनातलं बोललो आहे आणि त्यातलं बरंचसं कोर्टात बोलता येण्यासारखं नव्हतं. आप्पांना त्यांनी एकदा दुपारच्या जेवणानंतर नवा मोबाइल दिला आणि म्हणाले, “आप्पा, मनात जे येईल ते बोला.” आप्पांनी मोबाइल उलटा केला, सुलटा केला आणि शांतपणे म्हणाले, “मनात असं येतंय की जावयांनी आता घटकाभर पडावं.” साडूंनी तेही लिहून घेतलं.

मुरुडच्या मासळीबाजारात त्यांची ओळख आहे ती वेगळ्याच कारणाने. ओल्या हातांना मोबाइलची काच दाद देत नाही, मग मासळी विकणाऱ्या बायका फोन कसा घेतात, हे बघायला ते तिथे जाऊन उभे राहिले. कुणी कोपराने फोन घेत होती, कुणी नाकाने, एकीने तर हनुवटीने घेऊन कानाशी धरायला शेजारणीला सांगितलं. साडू अगदी तल्लीन. शेवटी एक बाई म्हणाली, “घेतस तं घे, न्हाय तं बाजूला हो. म्हावऱ्यावं सावली कशाला करतस?” या माणसाने गोंधळून बोंबलांची अख्खी पाटीच विकत घेतली. ती चौलला आप्पांच्या घरी आली. दोन्ही लेकी माहेरी आल्या होत्या. दोघी मिळून बोंबील साफ करत बसल्या आणि साडू त्यांच्या ओल्या हातांकडे बघत बसले.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पण सासूबाई गेल्या आणि चौलच्या घरी आप्पा एकटे राहिले, तेव्हा साडूंच्या विद्येची खरी गाठ घरच्याच माणसाशी पडली. आप्पा निवृत्त शिक्षक. घराभोवती नारळी-पोफळीची वाडी, सकाळी तिला पाणी लावायचं, संध्याकाळी रेवदंड्यापर्यंत फिरून यायचं, यात त्यांचा जीव. आमच्याकडे अलिबागला चला म्हटलं तर “इतक्या जवळ कुणी राहायला जातं का?” म्हणून उडवून लावत. पण एकदा वाडीतल्या पाण्याच्या पाटात पाय घसरून ते पडले आणि कुणी येईपर्यंत तसेच पडून राहिले. मेहुणीने त्याच दिवशी ठरवलं की आप्पा आता पुण्याला येणार.  आप्पा माझ्या बायकोला हळूच म्हणाले, “पुण्याला मी सकाळी उठून करू काय?” साडूंनी ते ऐकलं. “मला दिवाळीपर्यंत वेळ दे,” त्यांनी बायकोजवळ मागणी केली. “तेवढ्यात नाही जमलं तर मी स्वतः त्यांना गाडीत घालून आणतो.”

गणपती झाल्यावर साडू आपल्या विद्यार्थ्यांसह चौलला आले आणि ओटीवरच्या खोलीत भिंतीला एक बोलका डबा बसवला. त्याला मराठी कळत होतं. आप्पांनी बाहेर पडताना त्याला सांगायचं, परत आल्यावर सांगायचं, बस. आप्पा घरात आहेत आणि तरी बराच वेळ कसली हालचाल नाही, असं डब्याच्या लक्षात आलं की आम्हा सगळ्यांचे फोन वाजणार. डबा बातम्या वाचल्यासारखं मराठी बोलायचा, आणि कुणी ‘नको’ म्हटलं नाही तर विचारलेलं काम आपणच करून टाकायचा. “आपले स्वागत आहे. पंखा सुरू करू का?” असं त्याने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा आप्पांनी अदबीने त्याला गाव विचारलं.

थोडे दिवस बरे गेले. एकच विचित्र गोष्ट घडत होती. आप्पा फिरून येत तेव्हा रिकाम्या घरात पंखा गरगरत असे. साडूंनी पुण्याहून कधी खाऱ्या वाऱ्याला दोष दिला, कधी कावळ्यांना. आप्पा म्हणायचे, “असू दे हो, त्यालाही उकडत असेल.” आणि मग एक दिवस भर दुपारी आमचे सगळ्यांचे फोन एकदम वाजले. आप्पा घरात आहेत, सकाळपासून हालचाल नाही. मी एक साक्ष अर्धी सोडून, न्यायाधीशांची माफी मागून स्कूटर काढली. बायको मागे बसून रडत होती. आप्पांचा मोबाइल नुसता वाजत होता. पुण्याहून मेहुणी आणि साडू निघालेच होते.

चौलला पोचलो तर दाराला कुलूप. आत पंखा चालू, चार्जिंगला लावलेला मोबाइल तिथेच वाजतोय, आणि आप्पा नाहीत. शेजारची पार्वती वाडीतून नारळाचे झाप ओढत येत होती, ती म्हणाली, “आप्पा न्हाय घरान. सकालच्या यष्टीन मुरुडला गेलं, इब्राहिम मास्तरांकरं. मना सांगूनशी गेलं.” संध्याकाळच्या यष्टीने आप्पा उतरले. जुन्या सहकाऱ्याकडे पोटभर जेवून, हातात त्यांनी दिलेली पपई. अंगणात दोन लेकी, दोन जावई बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. मेहुणीने त्यांच्या हातातली पपई घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, “झालं तेवढं संशोधन पुरे. दिवाळीची वाट बघायची नाही. रविवारी आप्पा माझ्याबरोबर येतील.”  आप्पा आत जाऊन कपडे बदलून आले आणि नेहमीसारखे वाडीकडे न जाता खुर्चीवरच बसून राहिले. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू विद्यापीठात तोंड दाखवायला निघाले. डबा भिंतीवरून उतरवायचं ठरलं होतं, पण उतरवायला त्यांचा हात उचलत नव्हता. पायरीवर बसून त्यांनी एक चप्पल घातली, आप्पांकडे वळून म्हणाले, “आप्पा, येतो हं.”

“आपले स्वागत आहे,” डबा म्हणाला. “पंखा सुरू करू का?”

साडू एक चप्पल घालून तसेच उभे. वर पंखा फिरायला लागला. मग ते परत आत येऊन म्हणाले, “येतो हं.” पुन्हा स्वागत. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मेहुणी स्वयंपाकघरातून ओरडली, “निघा ना एकदाचे, किती वेळा सांगताय!” साडूंनी आत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. “अगं, आपण ‘जातो’ म्हणतच नाही! आप्पा रोज त्याला ‘येतो’ म्हणून, उत्तराला न थांबता बाहेर पडतात आणि ते यंत्र समजतं, आले! आणि मी... मी पण ‘येतो’च म्हणतो की गं!” उभा जन्म यंत्रं माणसाला कशी समजत नाहीत हे शिकवलेला हा माणूस, घरातून निघताना आपल्या तोंडून काय बाहेर पडतं ते त्यालाही कळलं नव्हतं. त्या सकाळी मला त्यांचा फार लोभ वाटला.

साडूंनी विद्यापीठाला कळवून मुक्काम वाढवला. विद्यार्थी धावत आले. त्यांच्यातल्या एकाने सुचवलं, “सर, आप्पांनी नुसतं ‘जातो’ म्हटलं तरी काम होईल.” आप्पा स्वभावाने भिडस्त. पोरांचं काम सोपं व्हावं म्हणून उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. “जा...” म्हणाले. थांबले. पुन्हा “जा...” म्हणाले, आणि आत येऊन पाणी प्यायले. मेहुणी कडाडली, “माझ्या बापाच्या तोंडी ‘जातो’ घालायचं नाही! सुधारायचं तर त्या डब्याला सुधारा!” ज्या बाईने ते यंत्र मोडीत काढलं होतं ती आता त्याच्या बाजूने भांडत होती, हे तिच्या लक्षात आलं नाही, साडूंच्या आलं. ते विद्यार्थ्यांना म्हणाले, “शिकायचं असेल तर त्या डब्याने शिकायचं.” मग ती पोरं गावभर फिरली. दुकानदार दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो, नारळ वाढवला म्हणजे फोडला, बांगडी वाढली म्हणजे फुटली, असलं काय काय ऐकून आली. दारालाही त्यांनी एक चिमुकलं यंत्र लावलं, दार उघडलं की साडूंच्या फोनवर दिसे. रविवार आला तेव्हा डब्याला आप्पांचं येणं आणि ‘येतो’ म्हणून जाणं यातला फरक कळू लागला होता. मेहुणी पुण्याला गेली ती एकटीच.

राहता राहिलं उत्तर. आप्पा ‘येतो’ म्हणाले की डब्याने काय म्हणायचं? “आपला दिवस शुभ असो” हे आप्पांना पसंत पडेना. “शाळा तपासायला साहेब आल्यासारखं वाटतं,” म्हणाले. सासूबाई होत्या तेव्हा त्या आतून म्हणायच्या, “सावकाश या.” हे ऐकून एक विद्यार्थिनी अगदी निर्मळपणाने म्हणाली, “सर, आजींचा आवाज तुमच्या लग्नाच्या व्हिडिओत असेल ना? हल्ली तेवढ्यावरूनही तो आवाज तयार करता येतो.” माझी बायको उठून आत गेली. आप्पा वाडीकडे बघत राहिले.  साडू म्हणाले, “तयार करता येतो, पण नको. आप्पा तो ऐकत घरातच बसतील. मला त्यांना बाहेर पाठवायचंय.”

शेवटी त्यांनी जे केलं त्यात संशोधन किती आणि जावईपण किती, ते मला सांगता येणार नाही. आप्पा दारात ‘येतो’ म्हणाले की डबा स्वतः काही बोलत नाही. तो साडूंचा फोन वाजवतो. साडू कुठेही असोत, वर्गात, बैठकीत, कुणाच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, “एक मिनिट” म्हणून बाहेर येतात आणि फोनवर म्हणतात, “सावकाश या.” तो आवाज चौलच्या ओटीवर उमटतो. मेहुणीने आठवड्यातले काही वार मागून घेतले, माझ्या बायकोने काही. मग मीही लाजत लाजत माझा नंबर द्यायला सांगितला. कोर्टाच्या व्हरांड्यात काळ्या कोटात उभा राहून मी “सावकाश या” म्हणतो तेव्हा पक्षकार माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. तिकडून आप्पा विचारतात, “आज धाकटे का?” आणि मला उगाचच दिवसभर बरं वाटतं.

दिवाळी होऊन गेली, आप्पा चौललाच आहेत. त्यांचं वय होत चाललंय हे मात्र काही कुणाला थांबवता येत नाही. गेल्या पावसाळ्यात बाहेर अंधारून आलेलं, मी अलिबागहून त्यांना भेटायला गेलो होतो. गुडघ्याने त्यांना उठवत नव्हतं. तरी भिंत धरून ते दारापर्यंत गेले, “येतो रे,” म्हणाले, उत्तर ऐकलं, आणि बाहेर पाऊलही न टाकता परत येऊन खुर्चीत बसले. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.  घरी आल्यावर मी साडूंना फोन केला. म्हटलं, “तुमच्या कानावर घालतो, आप्पा हल्ली कुठे जात नसतात, तरी ‘येतो’ म्हणतात.”

“माहीत आहे,” साडू म्हणाले. “दार उघडलेलं नसतं, ते मला इथं दिसतं.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करणार? सावकाश या म्हणतो.”