गढीतली वगार

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी पाऊस पडला नाही. गढीतला आड आटला, तेव्हा थोरल्या काकांनी वगार, अजून न व्यालेली तरणी म्हैस, बिलोलीकडे आत्याच्या गावी पाठवायचं ठरवलं. वगार गढीबाहेर निघेना.

आमच्या गढीला खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि चार बुरूज. महादरवाजाच्या एका फळीत दिंडी होती. शत्रूला वाकूनच आत यावं लागावं, इतकी ती लहान ठेवलेली. महादरवाजा आतल्या बाजूला उघडायचा. पण माळवदाच्या छतावर घालायची पांढरी माती काकांनी वर्षानुवर्षं आतून त्यालाच लावून रचली होती. वगार मुखेडच्या बाजारातून पारडी असताना दिंडीतून आत आली आणि आतच वाढली.

गढीत काका-काकू दोघंच राहत. मी रविवारी लातूरहून जाऊन जेवढं उपसायचो, तेवढी माती वरून घसरून यायची. काकांनी गावाला माती फुकट देऊ केली.

"पाऊस न्हाई तर माळवद कशानं गळंल, मालक?" शेजारी म्हणाला. "मागल्या साली टोपलंभर मागितली तर न्हाई म्हणलात."

मजूर सगळे दुष्काळी कामावर होते. काका त्या कामाच्या साहेबांकडे गेले. साहेब नव्या जिल्ह्यात नुकतेच रुजू झाले होते.

"आतली माती खाजगी. गढीपर्यंत रस्ता मात्र धरता येईल."

"साहेब, वगार आत हाय."

"रस्ता तर होऊ द्या."

खडीचा रस्ता बंद महादरवाजापर्यंत आला. काका रोज सकाळी कासऱ्यानं वगारीचं पोट मोजू लागले. कडबा संपत होता. ती बारीक होऊन दिंडीतून जाईल, असा त्यांचा अंदाज होता. पोट आत गेलं. कमरेची हाडं तेवढीच राहिली.

"आता हाडं बारीक व्हायची वाट बघून राहिलात का?" काकू म्हणाली. त्या दिवसापासून तिनं आपल्या प्यायच्या पाण्यातला तांब्या वगारीपुढे ठेवायला सुरुवात केली.

रस्त्याच्या खडीवर पसरायला जवळपास मुरूम मिळेना. मुकादमानं दिंडीतून डोकं आत घातलं आणि ढीग पाहिला.

"ही माती देता का, मालक?"

मजुरांनी टोपल्यांनी माती दिंडीतून बाहेर काढली आणि रस्त्यावर पसरली. महादरवाजाची एक फळी उघडली. वगार त्याच रस्त्यानं निघाली आणि मुखेडवरून आत्याच्या गावी पोचली.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी रस्त्यावरची पांढरी माती खरवडून आत आणली आणि महादरवाजाला लावून रचली. वगार परत आली, तेव्हा तिला बाहेर बुरुजाखाली बांधलं.