विहिरीतला उडता वीर आणि पहिली वेचणी

नवी नवरी होते तेव्हा जाफराबादेतल्या आमच्या घरात माझ्या शब्दाला एकाच बाबतीत किंमत होती, कॉमिक्सच्या. एसटी स्टँडसमोर नवऱ्याचं पुस्तकं भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दोरीला चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली असत. जालन्याहून नव्या मालिकेचा पहिला अंक आला की तो आधी माझ्याकडं यायचा. पुढचे अंक मागवायचे की नाही, ते मी सांगायचं. हे स्वतः काही वाचत नसत. मी दहावी पास, म्हणून जगातल्या सगळ्या पुस्तकांचा निकाल माझ्याच चुलीपुढं लागतो, असा माझा पक्का समज.

एकदा असाच एक नवा उडता वीर आला. दिवसा पोस्टात चिठ्ठ्यांवर शिक्के मारायचा, संध्याकाळी अंगावर लाल झूल घेऊन उडायचा. मी भाकरी थापता थापता वाचला. अर्धा अंक त्याच्या बारशातच गेला होता. शेवटच्या पानावर दुष्टांनी त्याला कोरड्या विहिरीत ढकलून वर लोखंडी झाकण टाकलं आणि अंक संपला.

मी नाक मुरडलं. म्हटलं, "पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यात चांगला असतो. ही पहिली वेचणीच अशी, मंग पुढं काय निघणार?"

हे कापसाच्या घरातले. त्यांना हा न्याय पुरता पटला. त्यांनी जालन्याला पुढचे अंक नको म्हणून कळवून टाकलं. मी दिवसभर ताठ मानेनं वावरले.

दुसऱ्या दिवशी पाणी शेंदायला गेले आणि विहिरीत डोकावले. तो कसा निघाला असेल? भाजी चिरताना तेच, दळण निवडताना तेच. पण विचारायचं कुणाला? नापास करणारी मीच.

सासूबाईंना वाचता येत नसे. प्रत्येक अंक मी त्यांना तोंडी सांगायचे, हाही सांगितला होता. आठवड्यानं तूर निवडता निवडता त्यांनी विचारलं, "सूनबाई, ते पोरगं हिरीतून निघालं का?"

म्हटलं, मालिका बंद केली, आता कळायचं न्हाई.

"तूच झाकण टाकलंस म्हण की. मंग तूच काढ त्याला."

आता माघार घ्यायची, पण निकाल चुकला असं म्हणायचं नाही. ताट वाढताना मी यांच्याशी विषय काढला. "वेचणीच्या तोंडावर पाऊस लागला, तर पहिला कापूस डागी निघतो का न्हाई?"

"निघतो."

"मंग दुसरी वेचणी बघितल्याशिवाय शेताला नाव ठेवावं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. पुढच्या महिन्यात दुसरा अंक घरी आला.

वीर निघाला होता. उडाला, झाकणाला डोकं मारलं आणि बाहेर. मी सासूबाईंना रंगवून सांगितलं. त्यांनी तुरीचं सूप खाली ठेवलं.

"उडता येत व्हतं, तर महिनाभर आत काय करून राह्यलाता?"

त्यावर मी जी भांडले! आत अंधार होता, झाकण जड होतं, माणूस घाबरतो की न्हाई. ज्याला नापास केलं त्याचीच वकिली घसा सुकेपर्यंत केली.

हे दारात उभे राहून ऐकत होते. अगदी सरळ चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "कशी निघाली वेचणी?"

मी अंक पदराखाली सरकवला. "तिसरी बघितल्याबिगर सांगता येणार न्हाई," म्हटलं.